किलोमीटर तेच, तास वेगळे: लांबचा विमानप्रवास मोजतात कसा?

न्यूयॉर्कहून लंडनला जायला विमानाला सात तासांच्या आसपास लागतात. लंडनहून न्यूयॉर्कला परतताना आठ. अंतर दोन्ही वेळा सुमारे ५,५४० किलोमीटर. विमान तेच, खालचा अटलांटिकही तोच, आणि वैमानिकाने परतताना वेग कमी ठेवला असंही काही नाही. मग हा जास्तीचा तास येतो कुठून?

दोन शहरांमधलं हवाई अंतर किती आणि विमानाला वेळ किती लागतो, हे आपण एका दमात विचारतो. जणू किलोमीटर कळले की तास आपोआप निघतात. रस्त्यावरच्या गाडीचं गणित बऱ्यापैकी तसं असतं, पण विमानाचं तसं चालत नाही. अंतर हा शुद्ध भूमितीचा प्रश्न आहे, त्याचं उत्तर वर्षानुवर्षं बदलत नाही. वेळ मात्र वाऱ्यावर, विमानाला किती इंजिनं आहेत यावर, आणि वाटेतल्या कुठल्या देशाचं कोणाशी वाकडं आहे यावर ठरते. हे उत्तर रोज थोडं बदलतं, आणि एखादं युद्ध पेटलं तर एका दिवसात तीन-चार तासांनी बदलतं.

नकाशावरची सरळ रेघ फसवी असते

सुरुवात भूमितीपासून करू. सिडनी आणि चिलीची राजधानी सांतियागो ही दोन शहरं जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, दोन्ही ३३-३४ अंश दक्षिणेला. भिंतीवरच्या नकाशात त्यांच्यामध्ये पट्टी ठेवली तर रेघ प्रशांत महासागरातून आडवी, अगदी सरळ जाते. या रेघेवरून विमान गेलं तर त्याला सुमारे १२,८०० किलोमीटर कापावे लागतील. प्रत्यक्षात या दोन शहरांमधलं सर्वांत कमी अंतर ११,३५० किलोमीटरच्या आसपास आहे, आणि तो मार्ग दक्षिणेकडे इतका झुकतो की मध्यावर ६२ अंश दक्षिण अक्षांशाला जाऊन पोहोचतो. म्हणजे अंटार्क्टिकाच्या शेजारी. नकाशावर हा मार्ग काढला तर उगाच घातलेला भलामोठा वळसा वाटतो. वाचतात मात्र तब्बल चौदाशे किलोमीटर.

असं का होतं हे पाहायचं असेल तर घरातला पृथ्वीगोल काढा आणि या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा आपोआप दक्षिणेकडे सरकेल, कारण ताणलेला दोरा नेहमी सर्वांत जवळची वाट धरतो. ही वाट म्हणजे पृथ्वीच्या मध्यातून कापलेल्या वर्तुळाचा तुकडा. भूगोलात याला बृहद्वृत्त म्हणतात. विषुववृत्त हे बृहद्वृत्त आहे, प्रत्येक रेखावृत्त हा बृहद्वृत्ताचा अर्धा भाग आहे. पण विषुववृत्त सोडलं तर बाकीची अक्षवृत्तं बृहद्वृत्तं नाहीत. ध्रुवाकडे जाताना ती लहान लहान होत जातात. विषुववृत्तावर एक अंश रेखांश म्हणजे १११ किलोमीटर. ६० अंश अक्षांशावर तोच एक अंश साडेपंचावन्न किलोमीटरचा उरतो, आणि ध्रुवावर शून्य. म्हणून पूर्व-पश्चिम लांब जायचं असेल तर आधी ध्रुवाकडे सरकायचं, जिथे अंश 'स्वस्त' आहेत तिथून पलीकडे जायचं आणि मग खाली उतरायचं. उत्तर गोलार्धातली विमानं ग्रीनलंड, अलास्का, सायबेरिया असल्या आडबाजूच्या ठिकाणांवरून जाताना दिसतात ती याच कारणाने.

आपल्या डोक्यात बसलेला नकाशा गेरार्डस मर्केटरच्या १५६९ मधल्या पद्धतीचा आहे. तो बनवला होता जहाजांसाठी. त्यावर सरळ रेघ आखली की होकायंत्र एकाच दिशेला धरून त्या रेघेवर जाता येतं, आणि खलाशाला तेवढंच हवं होतं. त्या सोयीची किंमत म्हणून ध्रुवांकडचा प्रदेश अवाढव्य फुगतो. ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसतो, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. अंतर पाहायला हा नकाशा वापरूच नये.

एक अंतर हातानेच काढून पाहू

कॉम्प्युटर हे अंतर काढताना दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेतो, पृथ्वीच्या केंद्रापाशी त्या दोन ठिकाणांमध्ये किती अंशांचा कोन होतो ते त्रिकोणमितीने काढतो, आणि त्या कोनाला १११.२ ने गुणतो. एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर, कारण पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आणि अंश ३६०. बस, एवढंच. कोन काढायला एरवी कॅल्क्युलेटर लागतो, पण एक जोडी अशी आहे की तिचं गणित तोंडी होतं.

सिंगापूर सुमारे १०४ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि न्यूयॉर्क सुमारे ७४ अंश पश्चिम. बेरीज १७८. म्हणजे ही दोन शहरं जवळपास समोरासमोरच्या रेखांशांवर आहेत, आणि समोरासमोरच्या रेखांशांमधली सर्वांत जवळची वाट ध्रुवावरून जाते. सिंगापूरच्या विमानतळाचा अक्षांश १.४ उत्तर, म्हणजे तिथून उत्तर ध्रुव ८८.६ अंश दूर. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाचा ४०.६ उत्तर, म्हणजे ध्रुवापासून ४९.४ अंश. बेरीज १३८ अंश. गुणिले १११.२: १५,३४५ किलोमीटर. कुठल्याही हवाई अंतराच्या तक्त्यात या जोडीसमोर याच्या आसपासचाच आकडा दिसेल.

पृथ्वी अगदी गोल नाही, हे खरं. विषुववृत्ताजवळची तिची त्रिज्या ध्रुवाजवळच्या त्रिज्येपेक्षा साधारण २१ किलोमीटरने जास्त आहे. काटेकोर गणित करणारे ते धरतात. पण गोल मानून काढलेल्या उत्तरात अर्ध्या टक्क्याहून जास्त चूक सहसा होत नाही, आणि प्रवाशाला त्याने काडीचा फरक पडत नाही. दोन वेबसाइट वेगवेगळे आकडे देत असतील तर त्याचं कारण बहुधा साधं असतं: एकीने शहराच्या मध्यापासून मोजलेलं असतं, दुसरीने विमानतळापासून. किंवा एक मैल देते आणि दुसरी सागरी मैल. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा, सागरी मैल १.८५२ चा. वैमानिक आणि हवाई नियंत्रक सागरी मैलच वापरतात.

आता गंमत अशी की सिंगापूरहून न्यूयॉर्कला निघालेलं विमान सहसा ध्रुवावरून जातच नाही. ते पूर्वेकडे वळतं, जपानच्या बाजूने प्रशांत महासागर ओलांडतं आणि १६,००० किलोमीटरहून जास्त उडून न्यूयॉर्कला पोहोचतं. जवळची वाट माहीत असताना लांबची घ्यायची, आणि तीही अशा मार्गावर जिथे टाकीतल्या शेवटच्या टनाचाही हिशेब होतो. हे कोड्यासारखं वाटतं, आणि त्याचं उत्तर वाऱ्यात आहे.

विमान हवेत उडतं, जमिनीवरून नाही

वाक्य बाळबोध आहे, पण सगळं इथेच आहे. लांब पल्ल्याची आजची मोठी विमानं, म्हणजे एअरबस ए३५० किंवा बोइंग ७८७, मॅक ०.८५ च्या आसपास उडतात. म्हणजे आवाजाच्या वेगाच्या ८५ टक्के. अकरा-बारा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असतं, तिथे आवाजाचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर होतो. त्याचे ८५ टक्के म्हणजे ताशी ९०० किलोमीटर. पण हे ९०० आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत. ती हवा स्वतःच ताशी १०० किलोमीटरने पूर्वेकडे जात असेल, तर पूर्वेला निघालेलं विमान जमिनीवरून पाहिलं तर १,००० ने जातं आणि पश्चिमेला निघालेलं ८०० ने. प्रवाशाच्या समोरच्या पडद्यावर जो वेग दिसतो तो हा जमिनीवरचा वेग.

आणि ही हवा खरोखरच पूर्वेकडे जात असते. दोन्ही गोलार्धांत, साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वाऱ्याच्या अरुंद, वेगवान पट्ट्या आहेत. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात, मराठी पुस्तकांत झोतवारा. विषुववृत्ताकडची गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्यातल्या तापमानाच्या फरकातून हे वारे जन्मतात, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते पूर्वेकडे वळतात. हिवाळ्यात हा फरक वाढतो, म्हणून वाराही चढतो. ताशी २०० किलोमीटर हा हिवाळ्यात काही विशेष आकडा नाही, ३०० च्या पुढेही तो जातो.

हे वारे पद्धतशीर मोजले ते वासाबुरो ओइशी या जपानी हवामानतज्ज्ञाने, १९२० च्या दशकात, हवेत फुगे सोडून. १९२६ मध्ये त्याने आपली निरीक्षणं छापली, पण एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत. जगाला कळावं म्हणून त्याने ती भाषा निवडली होती. जगाने ते वाचलंच नाही. १९४४ च्या अखेरीस अमेरिकी बॉम्बफेकी विमानं जपानवर उंचावरून उडू लागली तेव्हा त्यांना हा वारा भोवला. समोरून आला की विमान जागेवरच खिळल्यासारखं, पाठीवर घेतला की नेम चुकायचा. याच सुमारास जपानने त्याच वाऱ्यावर बॉम्ब बांधलेले हजारो कागदी फुगे अमेरिकेकडे सोडले, त्यांतले काही खरोखर पोहोचलेही.

मागून वारा मिळाला तर काय होतं याचं टोकाचं उदाहरण फेब्रुवारी २०२० मधलं. अटलांटिकवर 'कियारा' नावाचं वादळ घोंघावत होतं. ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीवरचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. तेव्हा 'विमानाने आवाजाचा वेग ओलांडला' अशी चर्चाही झाली, ती चुकीची. आवाजही त्याच हवेतून जातो आणि त्या हवेबरोबर तोही पुढे ढकलला जातो. विमान आपल्या भोवतीच्या हवेत नेहमीच्याच, आवाजापेक्षा कमी वेगाने चाललं होतं. आवाजाचा वेग खरोखर ओलांडणारं प्रवासी विमान म्हणजे काँकॉर्ड; त्याने फेब्रुवारी १९९६ मध्ये हाच प्रवास २ तास ५३ मिनिटांत केला होता.

जाताना मिळालेलं परतताना का फिटत नाही

पूर्वेला जाताना वाऱ्याने वेळ वाचवला, पश्चिमेला येताना तेवढाच खाल्ला, एकूण हिशेब सारखा, असं सहज वाटतं. करून पाहू. अंतर ५,५०० किलोमीटर धरा, विमानाचा वेग ९००, वारा १००. जाताना १,००० च्या वेगाने साडेपाच तास. येताना ८०० च्या वेगाने ६ तास ५२ मिनिटं. बेरीज १२ तास २२ मिनिटं. वारा नसता तर ११,००० भागिले ९००, म्हणजे १२ तास १३ मिनिटं. नऊ मिनिटं तोट्यात. वारा २०० चा धरला तर तोटा अडतीस मिनिटांवर जातो. कारण असं की मदत करणाऱ्या वाऱ्यात विमान कमी वेळ राहतं आणि अडवणाऱ्या वाऱ्यात जास्त वेळ. म्हणून परतीच्या वाटेवरचं विमान झोतवारा टाळून उत्तरेकडून किंवा दक्षिणेकडून जातं, वाट लांबली तरी.

इथे एक जुनी शंका उपटून टाकू. 'पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे पश्चिमेला निघालेल्या विमानाकडे शहर आपणहून चालत यायला हवं.' विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे १,६७० किलोमीटरने फिरते, तेव्हा शंका अगदीच भाबडी नाही. पण हवाही पृथ्वीबरोबरच फिरत असते, आणि धावपट्टीवर उभं असलेलं विमानही. धावत्या रेल्वेच्या डब्यात इंजिनाच्या दिशेने चाला किंवा उलट, आपल्या जागेवरून डब्याच्या टोकापर्यंतची पावलं गाडीच्या वेगाने बदलत नाहीत. उडताना हिशेबात येतो तो फक्त हवा जमिनीपेक्षा किती पुढे किंवा मागे सरकते तेवढा फरक, आणि त्यालाच आपण वारा म्हणतो.

आता लांबची वाट का घ्यायची ते उघडच आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाची वाट बदलली. आधी ते अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. नवी वाट उलट बाजूने, पॅसिफिकवरून, सुमारे १५,३०० किलोमीटरची. चौदाशे किलोमीटर जास्त उडूनही विमान जवळपास दोन तास लवकर पोहोचलं, साधारण साडेचौदा तासांत, कारण आधी समोरून येणारा वारा आता पाठीशी होता. पृथ्वीगोलावरचं सर्वांत कमी अंतर विचाराल तर ते १२,४०० किलोमीटरच्या जवळपास आहे. तीन आकडे, तिन्ही बरोबर. 'अंतर किती' या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं तर आधी 'कशासाठी हवंय' असं विचारावं लागतं.

अटलांटिकवर हे काम रोजच्या रोज ठरवून केलं जातं. कॅनडातलं गँडर आणि ब्रिटन-आयर्लंडचं शॅनविक ही दोन नियंत्रण केंद्रं त्या दिवशीचा वारा पाहून समुद्रावर समांतर मार्ग आखतात. रात्री युरोपकडे जाणाऱ्यांसाठी झोतवाऱ्याच्या अंगाने, दिवसा अमेरिकेकडे जाणाऱ्यांसाठी त्याला चुकवून. उद्या वारा सरकला की मार्गही सरकले. त्यामुळे एकाच फ्लाइट नंबरचं विमान आज ग्रीनलंडच्या टोकाजवळून आणि परवा शेकडो किलोमीटर दक्षिणेकडून गेलं तर नवल वाटायला नको.

आकाशातल्या बंद वाटा

वारा निदान दोन्ही बाजूंच्या लोकांशी सारखाच वागतो. राजकारणाचं तसं नाही, आणि गेल्या काही वर्षांत प्रवासाचे तास सर्वांत जास्त कशाने बदलले असतील तर ते याने.

हेलसिंकी ते टोकियो हे अंतर साधारण ७,८०० किलोमीटर. युरोपातून जपानला जायची ही जवळात जवळची वाट, आणि फिनलंडच्या फिनएअर कंपनीने आपला पूर्वेकडचा धंदा याच भूगोलावर उभा केला होता. जवळजवळ सगळा प्रवास रशियावरून, वेळ साडेनऊ तासांच्या आसपास. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झालं, युरोपने रशियन विमानांना आकाश बंद केलं, रशियाने युरोपच्या विमानांना. हेलसिंकी जागेवर, टोकियो जागेवर, प्रवास मात्र तेरा तासांचा झाला. विमानं कधी थेट उत्तर ध्रुवाच्या अंगाने, कधी दक्षिणेकडून मध्य आशियातून वळसा घालून जाऊ लागली. चिनी कंपन्यांना मात्र रशियाने अडवलं नाही, त्यामुळे बीजिंग आणि लंडन याच दोन शहरांमध्ये चिनी विमान ब्रिटिश विमानापेक्षा कमी वाट कापू लागलं. विमानाच्या शेपटीवर कोणाचं चिन्ह आहे यावर तास ठरतात, हे भूमितीच्या कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही.

जुन्या मंडळींना यात नवं काही वाटणार नाही. सोव्हिएत काळात सायबेरियाचं आकाश पाश्चात्त्य विमानांना बऱ्याच अंशी बंदच होतं. स्कँडिनेव्हियाच्या एसएएस कंपनीने फेब्रुवारी १९५७ मध्ये कोपनहेगनहून ध्रुवाकडून अलास्कातल्या अँकरेजला आणि तिथून टोकियोला विमान सुरू केलं, आणि पुढची दोन-तीन दशकं अँकरेजचा विमानतळ युरोप–जपान प्रवासातला मधला थांबा होऊन बसला. आपल्याकडचं उदाहरण २०१९ चं: फेब्रुवारी ते जुलै पाकिस्तानचं आकाश बंद होतं आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून वळसा पडत होता.

काही वाटा कोणी बंद केलेल्या नसतात, तरी विमानं त्यांच्याकडे पाठ फिरवतात. तिबेटचं पठार हे त्यातलं मोठं. अकरा किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या विमानाला खालच्या डोंगरांचं भय ते काय, असं वाटेल. भय असतं ते केबिनमधला हवेचा दाब गेला तर. अशा वेळी वरून खाली येणाऱ्या मास्कमधला ऑक्सिजन बहुतेक विमानांत बारा ते वीस मिनिटंच पुरतो, आणि तेवढ्यात विमानाला सुमारे ३,००० मीटर उंचीपर्यंत खाली यावं लागतं. तिबेटची जमीनच सरासरी साडेचार हजार मीटरवर आहे.

इंजिनांचा नियमही असाच. १९५३ मध्ये अमेरिकेने ठरवलं की दोन इंजिनांच्या विमानाने, एक इंजिन बंद पडलं तर तासाभरात गाठता येईल असा विमानतळ कायम आवाक्यात ठेवूनच उडायचं. महासागर सरळ ओलांडायचा तर तीन किंवा चार इंजिनं हवीत. इंजिनं जसजशी भरवशाची झाली तसा नियम सैल होत गेला: १९८५ मध्ये १२० मिनिटं, १९८८ मध्ये १८०, आणि २०१४ मध्ये युरोपच्या नियामकाने ए३५० ला थेट ३७० मिनिटांची परवानगी दिली. सिडनी–सांतियागोची अंटार्क्टिकाकडची वाट दीर्घकाळ चार इंजिनांच्या विमानांची होती. आज तिथे दोन इंजिनांचं ७८७ जातं. अंतर तेच राहिलं, नियम बदलला आणि वाट खुली झाली.

तिकिटावरचे तास

वेळापत्रकातले तास हे हवेतले तास नसतात. विमान गेटवरून मागे ढकललं जातं तिथपासून पलीकडच्या गेटवर थांबेपर्यंतचा सगळा वेळ त्यात येतो. विमानवाले त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर गेटकडे येणं, यात गर्दीच्या विमानतळावर सहज अर्धा तास जातो. वर चढायला वीस-पंचवीस मिनिटं, खाली यायला जवळपास अर्धा तास, आणि १०,००० फुटांच्या खाली बऱ्याच ठिकाणी ताशी ४६० किलोमीटरची वेगमर्यादा. लंडनच्या हीथ्रोजवळ तर उतरायच्या रांगेतली विमानं फिरत ठेवण्यासाठी आकाशात चार ठरलेल्या जागाच आहेत. म्हणून पाचशे किलोमीटरचा प्रवास तासाभरात आटोपत नाही आणि लांबच्या प्रवासाचा सरासरी वेग जास्त भरतो.

त्यात कंपन्या थोडी जागा राखूनही ठेवतात. ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत पोहोचलेलं विमान वेळेवर धरलं जातं, आणि वेळेवर येण्याची टक्केवारी जाहिरातीत मिरवता येते. 'वारा अनुकूल असल्याने आपण वीस मिनिटं लवकर पोहोचत आहोत' ही घोषणा ऐकून खूश व्हायला हरकत नाही. त्यातली काही मिनिटं मुळातच जादा धरलेली असतात. माझ्या मते खरी वेळ पाहायची तर तिकीट पाहूच नये. विमानांचा माग दाखवणाऱ्या वेबसाइटवर त्याच फ्लाइटचे मागचे आठ-दहा दिवस उघडावेत.

तिकिटावरची दुसरी फसगत घड्याळाची. निघायची आणि पोहोचायची वेळ त्या त्या शहराची असते, त्यामुळे नुसती वजाबाकी केली तर भलतंच काही निघतं. टोकियोहून संध्याकाळी ५ वाजता निघालेलं विमान दहा तास उडून लॉस एंजेलिसला त्याच दिवशी सकाळी १० वाजता पोहोचतं, हिवाळ्यात दोन्ही शहरांच्या घड्याळांतला फरक १७ तासांचा असतो म्हणून. निघण्याआधी सात तास पोहोचलात! दोन्ही वेळा जागतिक प्रमाणवेळेत घ्या: टोकियोचे ५ म्हणजे सकाळचे ८, लॉस एंजेलिसचे १० म्हणजे संध्याकाळचे ६. वजाबाकी दहा. मार्चमध्ये आणखी एक गुंता असतो. अमेरिकेत घड्याळं दुसऱ्या रविवारी पुढे सरकतात, युरोपात शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत न्यूयॉर्क आणि लंडनमधला फरक पाच तासांवरून चारवर येतो, आणि पुढचं विमान पकडायचं असेल तर घरी बसून केलेला हिशेब तासाने चुकू शकतो.

अंदाज बांधायचा तर

लांबच्या प्रवासासाठी एक ढोबळ रीत पुरते. हवाई अंतराला ८५० ने भागा आणि चाळीस मिनिटं मिळवा. उत्तर गोलार्धात पूर्वेकडे जात असाल तर हजार किलोमीटरमागे पाचेक मिनिटं कमी करा, पश्चिमेकडे जात असाल तर तेवढीच वाढवा; हिवाळ्यात थोडी जास्त. उत्तर-दक्षिण प्रवासात वाऱ्याची ही भानगड फारशी नसते.

न्यूयॉर्क–लंडन: ५,५४० भागिले ८५० म्हणजे साडेसहा तास, अधिक चाळीस मिनिटं, म्हणजे ७ तास १० मिनिटं. वाऱ्याची अठ्ठावीस मिनिटं वजा-अधिक केली की पावणेसात आणि पावणेआठ. वेळापत्रकात साधारण सात आणि आठ असतात. सिंगापूर–न्यूयॉर्क: १५,३४५ भागिले ८५० म्हणजे १८ तास, अधिक चाळीस मिनिटं. या प्रवासाला वेळापत्रकात साधारण तेवढेच, १८ तास ४० मिनिटं, दिलेले असतात. पूर्वेकडच्या वाऱ्याचा फायदा इथे वजा केलेला नाही, कारण तो मिळवण्यासाठी घेतलेली लांब वाटच तो खाऊन टाकते.

हेलसिंकी–टोकियोला मात्र ही रीत ९ तास ५० मिनिटं सांगते, वारा धरला तर त्याहून थोडी कमी, आणि तिकिटावर तेरा दिसतात. रीतीने काढलेली वेळ आणि तिकिटावरची वेळ यांत इतकी तफावत दिसली की पृथ्वीगोलावर त्या दोन शहरांमध्ये दोरा ताणावा आणि दोऱ्याखाली कुठले देश येतात ते वाचावं.